रेडबरोबर मांस, व्हाइटबरोबर मासे: नियम नेमका कुठे अडतो?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा दिसतो. वाईनची ओळख करून घ्यायला सुरुवात केल्यावर तुम्ही ‘मांसाबरोबर रेड, माशांबरोबर व्हाइट’ हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम इमानेइतबारे पाळलात. तरीही लिंबू भरपूर पिळलेल्या माशाबरोबर घेतलेली व्हाइट पाणचट लागली, आणि झणझणीत तिखट मांसाबरोबर घेतलेली एक नावाजलेली रेड कडू व जळजळीत लागली. आता नियम चुकीचा आहे की आपली जीभच कमी पडते, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय वाईनचा इतिहास वाचल्याने चव कळण्यात काही फरक पडतो का, हेही विचारले आहे.

जीभ कमी पडलेली नाही. दोन्ही वेळा तुम्हाला जे जाणवले ते तसेच जाणवायला हवे होते. उपाहारगृहांत वाईन वाढणाऱ्यांना शिकवणे आणि जेवणासाठी वाईनच्या याद्या तयार करणे हेच माझे काम असल्याने हा गोंधळ मला नेहमी भेटतो, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा प्रश्नाच्या मांडणीत असते. ‘कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन’ असे विचारले, की उत्तर म्हणून एक यादी हाती येते आणि यादीबाहेरचा पदार्थ समोर आला की ती निरुपयोगी ठरते. त्याऐवजी ‘या पदार्थाचा घास घेतल्यावर ही वाईन कशी लागेल’ असे विचारायला हवे. वाईन पदार्थाची चव फारशी बदलत नाही. पदार्थ मात्र वाईनची चव क्षणार्धात बदलून टाकतो, कारण आधीच्या घासातील आंबट, गोड किंवा खारट चवीशी जीभ जुळवून घेते आणि पुढचा घोट त्या जुळलेल्या जिभेवर पडतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. कडूपणा आणि तिखटपणा सोसण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे एकाला सौम्य वाटणारी रेड दुसऱ्याला खरोखरच कडवट लागते, आणि यात कोणी अडाणी नसते. त्यात अपेक्षेचाही मोठा वाटा असतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्रान्समधील बॉर्डो येथे वाईनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हाइट वाईन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाईनला लावल्या जाणाऱ्या शब्दांत केले. डोळे असे नाकाला फसवू शकतात. म्हणून चव घेताना शक्य असेल तेव्हा बाटली कागदात गुंडाळून ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

आता त्या नियमाकडे वळू. जवळजवळ सगळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असतो, काळ्या द्राक्षांचासुद्धा. म्हणून तर पिनो न्वार आणि म्यूनिये या काळ्या द्राक्षांपासून फिकट रंगाची शॅम्पेन बनू शकते. रेड वाईनचा रंग सालीतून येतो, कारण रस सालींसकट आंबवला जातो, आणि त्याच वेळी साल व बी यांतील टॅनिन हा तुरट घटकही तिच्यात उतरतो. व्हाइट वाईनचा रस साधारणपणे आंबवण्याआधीच पिळून सालींपासून वेगळा केला जातो, त्यामुळे तिच्यात टॅनिन नगण्य असते. जुन्या नियमाच्या तळाशी रंग नाही, टॅनिन आहे. रंग ही फक्त त्याची डोळ्यांना दिसणारी खूण. ही खूण किती वरवरची आहे पाहा: 1997 मध्ये डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डीएनए तपासून असे सिद्ध झाले, की टॅनिनसाठी प्रसिद्ध असलेल्या काबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाच्या जनकांपैकी एक काबर्ने फ्रां आहे आणि दुसरे चक्क सोव्हिन्यों ब्लां हे हिरवे द्राक्ष.

टॅनिन लाळेतील प्रथिनांशी बांधले जाते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, आणि हिरड्या व गालांची आतली बाजू आवळल्यासारखी वाटते. वाईन चाखताना हा आवळ चवीपासून वेगळा ओळखता यायला हवा. त्याखेरीज आंबटपणा (घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना किती पाणी सुटते यावरून तो कळतो), शिल्लक राहिलेली साखर, घशाला जाणवणारी अल्कोहोलची ऊब आणि तोंडात जाणवणारा एकूण जडपणा, एवढ्या गोष्टी ओळखता आल्या की पुरे. जर्दाळू, चामडे, ओली माती असले वास तुम्हाला सापडत नाहीत म्हणून तुम्ही खंत व्यक्त केली आहे. ती सोडून द्या. जेवणाशी मेळ बसवताना वासांच्या वर्णनाचा उपयोग सर्वांत कमी होतो, असे माझे मत आहे. ‘या वाईनला स्ट्रॉबेरीचा गंध आहे, म्हणून ती स्ट्रॉबेरीबरोबर द्यावी’ हा सल्ला तर बहुतेक वेळा फसतोच, कारण फळाचा गोडवा त्या कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाईनला आंबट करून सोडतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच बैठकीत जे करायला लावतो, ते तुम्ही घरी करून पाहा. एका ग्लासात गोडवा नसलेली, आंबटसर व्हाइट घ्या, सोव्हिन्यों ब्लां चालेल. दुसऱ्यात ओकच्या पिंपाचा फारसा संस्कार नसलेली, तरुण, तुरट काबर्ने सोव्हिन्यों घ्या. बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, थोडी साखर, परतलेल्या अळंबीचे दोन-तीन तुकडे आणि तिखटाची बोटभर पूड ठेवा. प्रत्येक वेळी आधी वाईनचा घोट, मग त्यातील एक वस्तू, मग पुन्हा त्याच वाईनचा घोट, हा क्रम मोडू नका, आणि मध्ये पाण्याने तोंड धुवा. घोट गिळायलाच हवेत असे नाही. आम्ही व्यवसायातले लोक कामाच्या वेळी भांड्यात थुंकतो, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

मिठाचे कण जिभेवर विरघळल्यावर काबर्नेचा दुसरा घोट घ्या. मघाशी हिरड्यांना जाणवलेली पकड सैल झालेली असते, कडवटपणा मागे सरतो आणि फळाची चव पुढे येते, इतकी की पुष्कळ जण ग्लास बदलला का असे विचारतात. लिंबू चोखून व्हाइट प्यायलात तर मघाची धारदार वाईन मवाळ, गोलसर, कधीकधी मिळमिळीत लागते. साखरेनंतर नेमके उलटे होते: व्हाइट अंगावर येण्याइतकी आंबट आणि रेड कोरडी, कडू व फळहीन. अळंबीची मांसल चव, जिला उमामी म्हणतात, तीही टॅनिन असलेल्या वाईनला कठोर करते, विशेषतः अळंबीला मीठ लावलेले नसेल तर. पुढच्या तुकड्याला मीठ लावून पाहा, तो कठोरपणा बराचसा निवळतो. तिखटानंतरच्या घोटाबद्दल तुम्हाला वेगळे सांगण्याची गरज नाही, तो अनुभव तुम्ही घेतलेलाच आहे.

या प्रयोगाच्या आधारे तुमची दोन्ही जेवणे तपासू. लिंबाचा रस कोणत्याही वाईनपेक्षा कितीतरी आंबट असतो; त्याचा पीएच साधारण 2 ते 2.5 इतका, तर बहुतेक वाईनचा 3 ते 4 च्या दरम्यान. म्हणजे माशावरील लिंबाने जीभ आधीच आंबटाला सरावली, आणि तिच्यापुढे तुमच्या व्हाइटची आम्लता फिकी पडली. ती व्हाइट उबदार प्रदेशातली, ओकमध्ये मुरवलेली शार्दने असावी असा तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे, कारण अशा वाईनमध्ये आम्लता मुळातच बेताची असते. तिथे शाब्ली, मस्कादे, अल्बारिन्यो किंवा कोरडी रीसलिंग यांसारखी थंड हवेत पिकलेल्या द्राक्षांची वा मुळातच चढ्या आम्लतेची वाईन टिकाव धरू शकली असती. हेच ज्ञान उलट बाजूनेही वापरता येते: एखादी व्हाइट फारच आंबट निघाली, तर ती ओतून देण्याऐवजी ताटातील पदार्थावर लिंबू पिळावे, वाईन पिण्याजोगी होते.

तिखटाचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण तिखट ही जिभेवरची चव नसून दाहाची संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हा घटक, शरीर ज्या ग्राहकाद्वारे (रिसेप्टरद्वारे) उष्णता ओळखते, त्यालाच चेतवतो. आणि अल्कोहोल त्याच ग्राहकाला अधिक संवेदनशील करते. त्यामुळे साडेचौदा टक्के अल्कोहोल असलेली रेड तिखटाची आग विझवत नाही, भडकवते, आणि आधीच दुखावलेल्या तोंडाला तिचे टॅनिनही खरखरीत वाटते. अशा जेवणाबरोबर अल्कोहोल कमी, टॅनिन जवळजवळ नाही आणि किंचित गोडवा आहे अशी थंड वाईन घ्यावी. जर्मनीतील मोझेल खोऱ्यातील काबिनेट दर्जाच्या रीसलिंगमध्ये पुष्कळदा 8 ते 9 टक्केच अल्कोहोल असते आणि शिल्लक साखर दाह शमवते. रेडच हवी असेल तर गामे या द्राक्षाची हलकी रेड थोडी गार करून. काही जणांना मात्र ही वाढलेली आगच आवडते, आणि त्यांना मी कधी अडवत नाही.

मासे आणि रेड यांचे वैर मात्र काल्पनिक नाही. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाईन वाळवलेल्या शिंपल्यांबरोबर तपासल्या, तेव्हा मासळीचा उग्र, नकोसा वास मागे राहण्याचा संबंध वाईनमधील लोहाच्या प्रमाणाशी असल्याचे त्यांना आढळले. लोह बांधून टाकल्यावर तो वास कमी झाला. म्हणजे दोष रंगाचाही नाही आणि केवळ टॅनिनचाही नाही. लोह किती आहे हे कोणत्याही लेबलवर छापलेले नसते, म्हणून व्यवहारात मी एवढेच पाळतो: कच्चे मासे आणि शिंपले असतील तर रेड टाळतो, आणि भाजलेल्या ट्यूना किंवा सामनसारख्या भरीव माशाबरोबर हलकी पिनो न्वार निःशंकपणे देतो.

मांस आणि तुरट रेड यांच्या मैत्रीबद्दल सहसा असे सांगतात, की मांसातील प्रथिने व चरबी टॅनिनला बांधून घेतात. त्यात तथ्य आहे. पण माझ्या अनुभवात त्या मैत्रीचे मोठे श्रेय मांसावरील मिठाचे असते. बिनमिठाचा भाजलेला तुकडा खाऊन काबर्ने पिऊन पाहा, आणि लगेच दुसऱ्या तुकड्यावर मीठ भुरभुरवून पाहा; दोन्हींतला फरक मांसाने पडलेला नाही, हे ध्यानात येईल. गोड पदार्थांबाबत नियम सोपा आहे: वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. रोकफोर या निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर सोतेर्न ही गोड वाईन खुलते, त्यातही मीठ आणि साखर यांचाच खेळ आहे.

थोडक्यात सांगायचे, तर मीठ आणि पदार्थातला आंबटपणा वाईनला मवाळ करतात, तर गोडवा, उमामी आणि तिखट तिला कठोर करतात. ताटात दुसऱ्या गटातील चवी ठळक असतील तर वाईन कमी टॅनिनची, गरजेनुसार थोडी गोड निवडा. पहिल्या गटातील ठळक असतील तर वाईन पुरेशी आंबट किंवा तुरट असली तरी निभावते.

आता इतिहास. सनावळ्या पाठ करून चव कळत नाही, हे खरे. पण समोरची वाईन अशी का आहे याचे उत्तर इतिहासातच असते, आणि ते कळले की ती कोणत्या पदार्थापुढे कशी वागेल याचा अदमास येतो. म्हणून पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात न करता एकेका ग्लासापासून मागे जा, असे मी सुचवेन.

पहिला ग्लास जॉर्जिया या देशातील अंबर रंगाच्या वाईनचा घ्या. द्राक्षवाईनचे आजवर सापडलेले सर्वांत जुन्यांपैकी रासायनिक पुरावे तिथल्याच मडक्यांच्या अवशेषांत मिळाले आहेत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते सुमारे इसवी सनपूर्व 6000 चे आहेत. तिथे क्वेव्री या जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत हिरव्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवण्याची पद्धत अजूनही चालू आहे, आणि 2013 मध्ये युनेस्कोने तिची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. ही वाईन पिताना हिरड्या आवळतात, म्हणजेच व्हाइट द्राक्षांची असूनही तिच्यात टॅनिन असते. ताटापुढे ती हलक्या रेडसारखी वागते. रंगावर विसंबू नये याचा यापेक्षा जिवंत पुरावा मला माहीत नाही.

दुसरा ग्लास पोर्ट या गोड पोर्तुगीज वाईनचा. 1703 च्या मेथ्युएन करारानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा कमी जकात लागू लागली, आणि दोरो नदीच्या खोऱ्यातील वाईनची मागणी वाढली. मागणीबरोबर भेसळही वाढली, तेव्हा 1756 मध्ये पोर्तुगालचे मंत्री पोम्बाल यांनी त्या प्रदेशाच्या सीमा आखून उत्पादनाला नियम घालून दिले. समुद्रप्रवासात वाईन टिकावी म्हणून तिच्यात ब्रँडी घालत असत. पुढे ती आंबण्याची क्रिया चालू असतानाच घालण्याची पद्धत रुळली. त्यामुळे यीस्ट मरते आणि द्राक्षातील साखर तशीच राहते. पोर्ट गोड का, तिच्यात 20 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल का, आणि ती तिखट जेवणाबरोबर का देऊ नये, या तिन्ही गोष्टी एकाच कारणात सामावल्या आहेत.

जुनी वाईन श्रेष्ठ, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्ट्यांमुळे मजबूत काच बनू लागली आणि बाटलीला घट्ट बूच बसवणे रूढ झाले. त्याआधीची कित्येक शतके बहुतेक वाईन पिंपातूनच विकली जाई, हवेच्या संपर्काने लवकर बिघडे, आणि नव्या हंगामाची वाईन आली की जुनीचा भाव पडे. बाटलीत वर्षानुवर्षे मुरवणे ही तुलनेने अलीकडची सोय आहे आणि आजही फार थोड्या वाईनना ती मानवते. मुरलेल्या रेडमधील टॅनिन मऊ होते, फळाची चव ओसरते आणि एक नाजूक गुंतागुंत उरते, जी भरमसाट मसाल्यापुढे सहज हरवते. अशी वाईन हाती आली तर तिच्यासाठी साधे, मीठ बेताचे असलेले जेवण ठेवावे.

इतिहासाचा एक दुरुपयोगही सांगतो. ‘एका प्रदेशात पिकते ते एकत्र जमते’ हे वाक्य तुम्हाला वारंवार ऐकू येईल. ते अर्धसत्य आहे. इटलीतील टस्कनीची सांजोवेसे ही रेड आणि टोमॅटोचा रस्सा यांची जोडी अनादि काळापासूनची असल्यासारखी सांगितली जाते; वास्तविक टोमॅटो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला आणि इटलीच्या रोजच्या स्वयंपाकात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. जोडी जमते ती सांजोवेसेची आम्लता टोमॅटोच्या आंबटपणाला पुरून उरते म्हणून, आणि जगात अन्यत्र पिकलेली तितकीच आंबट रेडही तेच काम करील. त्याचप्रमाणे बॉर्डोच्या वाईनच्या 1855 मधील प्रसिद्ध वर्गवारीकडेही आदराने पण सावधपणे पाहा: पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी ती मुख्यतः बाजारातील भावांवरून केली होती, आणि कोणत्या ताटाजवळ कोणती बाटली ठेवावी याविषयी ती काहीच सांगत नाही. नावाचा दबदबा किती फसवा असतो ते 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये दिसले. लेबले झाकून घेतलेल्या त्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी व्हाइट आणि रेड अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाईनना पहिले स्थान दिले.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी, कारण तुमच्या प्रश्नात त्या नसल्या तरी तुमच्या अनुभवात त्यांचा हात असू शकतो. पहिली तापमानाची. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. 16 ते 18 अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या भरीव रेडमधून अल्कोहोल नाकाला झोंबते, म्हणून उकाड्यात ती वाढण्याआधी वीसेक मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. हलक्या रेडला 12 ते 14 अंश आणि ताज्या व्हाइटला 8 ते 10 अंश पुरतात. त्याहून गार केल्यास गंध बंद होतो आणि टॅनिन अधिक टोचते.

दुसरी, एकाच मेजावर प्रत्येकाच्या ताटात वेगळा पदार्थ असेल तेव्हाची. तिथे परिपूर्ण मेळ शोधू नका. आम्लता चांगली, टॅनिन व ओक नाममात्र आणि अल्कोहोल बेताचे, अशी एखादी वाईन मध्ये ठेवा. कोरडी फसफसणारी वाईन किंवा रीसलिंग बहुतेक पदार्थांपुढे तग धरते, आणि रेड मागणाऱ्यांसाठी गार केलेली गामे. जेवणानंतर बाटलीत वाईन उरलीच, तर रेड असो वा व्हाइट, बूच लावून ती फ्रिजमध्ये ठेवा; दोन-तीन दिवस ती चांगली राहते, आणि बशीतला मिठा-लिंबाचा तो प्रयोग पुन्हा करायला तेवढी पुरेशी असते.